मासे न खाणाऱ्या माणसाची मस्की

मला एका माशाचा मत्सर वाटतो. हे मी मुलीला फोनवर सांगितलं तेव्हा ती तिकडे ग्वेल्फला, युनिव्हर्सिटीच्या होस्टेलवर, इतकी हसली, की तिच्या रूममेटने काय झालं म्हणून विचारलं. "मॉम, यू आर जेलस ऑफ अ फिश?" म्हटलं, हो. एखाद्या बाईचा वाटला असता तर परवडलं असतं. चार मैत्रिणींत बसून बोलता तरी आलं असतं. माशाबद्दल कोणाकडे रडणार?

मी वेंगुर्ल्याची. आमच्या घरात मासा नाही तो दिवस म्हणजे सोमवार, नाहीतर घरात कोणीतरी आजारी. लग्न होऊन आले ती पुण्यात, आणि अशा घरात जिथे अंड्याचा केकसुद्धा बाहेर खाऊन मग जिना चढायचा. नवरा टेलिकॉममधला इंजिनिअर. स्वभावाने गरीब आणि, त्याच्याच शब्दांत सांगायचं तर, विचारांनी एकदम लिबरल. "तू खा की. मी कुठे नाही म्हणतो?" हे वाक्य मी पुण्यात ऐकलं, कॅनडात आल्यावर तर जास्तच ऐकलं. त्या वाक्याला एक शेपूट असतं: "फक्त बेडरूमचं दार लावून घे."

दार लावून वास थांबत नाही, म्हणून मी हळूहळू गॅरेजमध्ये सरकले. तिथे माझी इंडक्शनची शेगडी आहे. हिवाळ्यात अंगात जाड जॅकेट, डोक्याला लोकरीची टोपी, पायात बूट आणि पुढ्यात तव्यावर बांगडा, असा माझा अवतार असतो. ताट ठेवायला गाडीच्या काढून ठेवलेल्या समर टायर्सची चळत. जेवण झालं की हाताला लिंबू चोळायचं, कपडे बदलायचे, केस वर बांधायचे आणि मग घरात यायचं. इतक्या वर्षांत मी मासे खाताना नवरा माझ्यासमोर एकदाही बसलेला नाही. तोंड वाकडं नाही केलं कधी. नुसता उठून जायचा. तोंड वाकडं केलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

आणि हा माणूस चार वर्षांपूर्वी माशाच्या प्रेमात पडला.

शेजारी एक म्हातारे गृहस्थ राहतात, रिटायर्ड, एकटे. त्यांच्याकडे नदीवर मासे धरायला न्यायची बोट आहे. बोटीत दुसरा माणूस लागतो म्हणून त्यांनी एका शनिवारी याला विचारलं आणि हा सभ्यपणाने गेला. आला तो वेगळाच होऊन आला. त्या दिवशी मासा मिळालाही नव्हता. पाण्याखालून एक मस्की आली, बोटीशेजारी थांबली, याच्याकडे बघितलं आणि निघून गेली. एवढंच. पण जेवताना, झोपताना, दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना एकच पालुपद: "तिने माझ्याकडे बघितलं गं." मोठ्या मस्की सगळ्या माद्याच असतात म्हणे. म्हणून ती "ती".

मस्की म्हणजे आमच्याकडच्या माणसाला पटणार नाही असा मासा. माझ्या कमरेइतका लांब, हिरवट सोनेरी, अंगावर उभे पट्टे आणि तोंड थेट सुसरीचं. सहजी गळाला लागत नाही. दिवसच्या दिवस गळ फेकत राहायचं, खांदे भरून येतात आणि बहुतेक वेळा हात हलवत परत. आणि लागलाच, तर फोटो काढून सोडून द्यायचा. त्यांच्या मस्की धरणाऱ्यांच्या क्लबातले सगळेच सोडतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी म्हटलं, "खायचा नाही तर धरता कशाला?" तो म्हणाला, "तुला नाही कळायचं." माशांतलं मला नाही कळायचं! हे मला कोणी सांगावं, तर सुरमई आणि पापलेट शेजारी ठेवले तर दोन्हीला मासा म्हणणाऱ्याने.

मग गळाला लावायची आमिषं घरात आली. याला पाण्यावरून जाणारी आवडतात. तो टॉपवॉटर म्हणतो. लाकडाचा लांबट ठोकळा, मागे पत्र्याची शेपटी. दोरा ओढला की शेपटी गरगर फिरते आणि बदकाचं पिल्लू फडफडत चालल्यासारखा प्लॉप प्लॉप आवाज होतो. नदीवरून आल्यावर हा एकेक आमिष पुसून डायनिंग टेबलावर वाळत ठेवतो. कानस घेऊन गळाच्या टोकांना धार लावतो, नखावर टोचून बघतो. मी नवीन साडी नेसून समोर उभी राहिले तर, "छान आहे, जुनीच ना?" आणि कोणत्या खाडीत, कोणत्या वाऱ्याला, कोणत्या रंगाच्या आमिषामागे ती आली होती, हे मात्र बारीकसारीक पाठ. जळफळाट व्हायचा नाही तर काय?

गेल्या ऑगस्टमध्ये म्हाताऱ्यांची पाठ धरली. जाळं धरायला कोणी नाही, म्हणून मी गेले. खरं सांगायचं तर सवत बघायला गेले.

संध्याकाळची वेळ होती. वारा पडला होता आणि पाणी तुपासारखं थिजलेलं. तो उभा राहून फेकत होता, मी जाळ्याचा दांडा धरून बसले होते. प्लॉप प्लॉप प्लॉप. पुन्हा प्लॉप प्लॉप. मला डुलकी लागायच्या बेतात होती, तेवढ्यात आमिषाच्या मागे पाणी फुगलं. खालून काहीतरी येत होतं आणि पाणी त्याच्यापुढे सरकत होतं. मी म्हटलं, "अरे, ओढ!" तो हळूच म्हणाला, "नाही. दोऱ्याला वजन लागेपर्यंत हलायचं नाही." आणि मग पाण्यावर धोंडा पडावा तसा आवाज झाला. मी किंचाळले. तो किंचाळला नाही. याला बिलाच्या रांगेत दोन मिनिटं धीर निघत नाही, आणि इथे हा वजन लागेपर्यंत थांबला.

मासा जाळ्यात आला. पाण्यातच ठेवला होता. नवरा गुडघ्यावर बसला, बाह्या सरसावून कोपरापर्यंत हात पाण्यात घातले, पकडीने गळ सोडवला. मग दोन्ही हातांवर तिला उचललं, बाळंतिणीजवळून बाळ घ्यावं तसं. "फोटो काढ, पटकन." मी काढला. त्याचा चेहरा मी आजवर एवढा उजळलेला एकदाच बघितला होता, मुलगी झाली तेव्हा. मग त्याने तिला पुन्हा पाण्यात ठेवलं आणि शेपटीपाशी धरून राहिला. दमलेली असते, एकदम सोडलं तर पोट वर होऊन उलटते. तो तिच्याशी मराठीत बोलत होता. "हळू. हळू. काही घाई नाही. तुला वाटेल तेव्हा जा." मला वीस वर्षांत एकच ऐकू आलंय: "आटप, उशीर होतोय."

ती गेली. त्याने पँटला हात पुसले, थर्मासमधला चहा ओतला आणि त्याच हाताने बिस्किट खाल्लं. मी म्हटलं, "हात धू." "असू दे गं," तो म्हणाला. मी वाकून वास घेतला. तोच होता. आईच्या स्वयंपाकघरातला, माझ्या गॅरेजमधला, ज्याच्यासाठी मी लिंबं झिजवली तो. घरी येईपर्यंत मी एक अक्षर बोलले नाही आणि त्याला ते कळलंसुद्धा नाही.

सप्टेंबरात आईचा फोन आला. नोव्हेंबरमध्ये तिला पंचाहत्तर पुरी होणार, घरी पूजा आहे. "जावयबापू येतले मा गे?" तिने विचारलं. "तेंच्यासाठी वायली चूल मांडतंय, सांग तेंका." वायली म्हणजे वेगळी, मासळी न शिवलेली. नऊ वर्षांत हा माझ्या माहेरी आलेला नाही. मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "तू जाऊन ये ना. नोव्हेंबर म्हणजे मोठ्या मस्कीचा महिना, पाणी गोठायच्या आधीचा. सुट्टी मी तेव्हाच टाकलीय." अगदी गोड आवाजात म्हणाला. मी तिकीट काढायला बसले तेव्हा एकटीचंच काढायचं की दोघांचं, हे मला ठरवता येईना. लॅपटॉप बंद केला. आईला काय सांगायचं? तुझे जावई एका माशासाठी राहिलेत?

ऑक्टोबरमध्ये त्यांच्या क्लबाचा मस्कीची पिल्लं सोडायचा दिवस होता. चार तासांवर एक तळं आहे. तिथून ही जात कधीच नाहीशी झाली होती, आता पुन्हा वसवतायत. "चल ना, ड्राइव्हला कंपनी," नवरा म्हणाला. मी गेले, कारण एवढ्या वेळात गाडीत नोव्हेंबरचा विषय काढता येईल. जाताना काढला नाही. धीरच झाला नाही.

काठावर टाकीवाला ट्रक उभा होता. वीत-दीड वीत लांबीची पिल्लं बादल्यांतून उतरवत होते. नवरा कमरेपर्यंत रबरी विजार घालून पाण्यात, शेजारी आमचे म्हातारे. थंडीने माझी बोटं वाकत नव्हती. मला वाटलं, बादल्या उपड्या केल्या की संपलं. पण नाही. बादली उथळ पाण्यात ठेवायची. तळ्याचं मगभर पाणी तिच्यात घालायचं. थांबायचं. पुन्हा मगभर.

"ओत की एकदाचं," मी म्हटलं. "गारठले मी."

"असं नाही करायचं गं," तो बादलीत बघत म्हणाला. "ही टाकीतल्या पाण्यात वाढलीत. तळ्याचं पाणी वेगळं, गार. एकदम सोडली तर शॉक बसतो, मरतातसुद्धा. म्हणून जुन्या पाण्यात नवीन थोडं थोडं मिसळायचं. त्यांना सवय होऊ द्यायची."

मी तिथेच फुटले.

"आणि मला? मला दिली होतीस सवय होऊ?"

त्याने वर बघितलं.

"वेंगुर्ल्याहून उचललीस आणि तुमच्या घरात सोडलीस. रात्री माप ओलांडलं, सकाळी पुढ्यात मेथी. एक मग तरी माझ्या घरचं पाणी घातलंस त्यात? हिच्या पिल्लांचे एवढे लाड करतोस! मी मेले नाही म्हणून तुला कळलं नाही. आणि आता माझ्या आईच्या पंचाहत्तरीला यायला तुला वेळ नाही!"

माझा आवाज तळ्याच्या पलीकडे गेला असणार. सगळे बादल्या धरून माझ्याकडे बघायला लागले. म्हाताऱ्यांनी विचारलं, "एव्हरीथिंग ओके?"

"शी सेज..." नवरा म्हणाला, आणि थांबला. "शी सेज आय डिडन्ट डू धिस फॉर हर."

म्हाताऱ्यांना काय बोध झाला देव जाणे. त्यांनी माझ्याकडे बघितलं, बादलीकडे बघितलं आणि अदबीने आपला मग माझ्या हातात दिला. "देअर यू गो, डिअर." आता एवढ्या भल्या माणसाला काय बोलणार? मी बसले आणि मगभर पाणी घातलं. थांबले. पुन्हा घातलं. शेवटी बादली कलती केली तेव्हा एक पिल्लू माझ्या बोटांशीच रेंगाळलं, कल्ले उघडत, मिटत. आयुष्यभर मी मासे हाताळले, पण सगळे मेलेले. हाताला जिवंत मासा लागला तो पहिल्यांदा. माझा राग या माशाच्या जातीवर होता. पण एवढ्याशा जिवावर कसा काढणार? गेलं ते.

परतताना तासाभराचा रस्ता मागे पडला. मग तोच म्हणाला, "नोव्हेंबरमध्ये मी येतो."

"आणि मोठ्या मस्की?"

"असू देत." थोड्या वेळाने म्हणाला, "मला झेपेल का गं तिथे? म्हणजे, वास..."

"मला झेपलं का, हे विचारलंस कधी?"

"नाही," तो म्हणाला. आणि मग, "सांग ना. पहिलं वर्ष कसं काढलंस?"

मी लगेच नाही सांगितलं. जरा वाट बघू दे म्हटलं. मग सांगितलं. भाजी आणायला म्हणून निघायचे आणि रिक्षा करून कॅम्पातल्या मासळी बाजारात जायचे. घ्यायचं काही नाही, कारण नेणार कुठे? नुसती उभी राहायचे. एका कोळणीच्या पाटीसमोर, ओल्या फरशीवर, नाकाने श्वास घेत. एकदा तिने मला हटकलं. मग मी घरी येऊन न्हायचे आणि तुझी आई विचारायची, ही भर दुपारी केस का धुते?

वाटेत नदी आली. पूल आला की गाडी हळू करायची आणि मान वळवून पाणी बघायचं, ही त्याची सवय. मागे कोणी हॉर्न दिला तरी हा बघणारच. आज गाडी तशीच पलीकडे गेली.

"पूल गेला," मी म्हटलं.

"हो का," तो म्हणाला. "मग ती कोळीण काय म्हणाली?"