एकच बल्ब बदला

वाघोलीच्या गॅरेजमध्ये मी काउंटर सांभाळते. गिऱ्हाइकाची तक्रार ऐकायची, काम नोंदवून घ्यायचं आणि स्पेअर पार्टच्या खोलीची किल्ली जवळ बाळगायची. आमच्या घरात कॉलेज पाहिलेली पहिली मी. वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात कामगार होते, आई चौथी शिकलेली. मी फिजिक्स घेऊन बीएस्सी झाले, तेही फर्स्ट क्लासमध्ये. हे मी कुणी न विचारताही सांगते. का सांगू नये?

गेल्या वर्षी कोथरूडचे एक काका गाडी घेऊन आले. लेक वाघोलीत राहते, म्हणून गाडी आमच्याकडे. डावा हेडलाइट बंद पडला होता. दिवे झेनॉनचे. मी म्हटलं, "काका, हे बल्ब जोडीनं बदलतात. दुसराही तेवढाच जुना झालाय. एकच बदललात तर रंग जुळणार नाही."

"एक दात किडला तर तुम्ही अख्खी कवळी बसवता का?"

सगळे हसले. मीही हसले. एकच बल्ब लावून दिला.

चार दिवसांत काका परत. काउंटरकडे न येता थेट मालकांसमोर उभे राहिले. "अहो, ही गाडी आहे की मांजर? एक डोळा निळा, एक पिवळा! उजवा बघा, कंपनीचा आहे, कसा निळाशार! हा पिवळा डुप्लिकेट. चांगला माल कुठे गेला, ते किल्ली ज्यांच्याकडे असते त्यांना विचारा."

मग माझ्याकडे वळले. "आडनाव काय म्हणालात?"

मी सांगितलं.

"अच्छा," काका म्हणाले.

हा 'अच्छा' मला शाळेपासून ओळखीचा आहे.

बाकावर गाड्यांची वाट पाहणारी माणसं मोबाइल खाली ठेवून ऐकत होती. आमचा इलेक्ट्रिशियन म्हणाला, "म्याच लावलाय की ओ. सीलपॅक हुता."

"तू गप," मालक म्हणाले. मग मला, हळू आवाजात, "डुप्लिकेट निघाला, तर किल्ली इथं ठेवायची आणि घरी जायचं."

नोकरी दुसरी मिळाली असती. पण चोर म्हणून गेले असते तर तो शब्द माझ्या आधी पुढच्या दारात पोचला असता.

मी म्हटलं, "काका, या बल्बात तार नसते. वायू असतो, क्षार असतात, त्यांचा उजेड पडतो. वापरून वापरून क्षार कमी होतात आणि उजेड निळा पडत जातो. तुमचा निळा बल्ब चांगला नाही, म्हातारा झालाय. रोज बघताय म्हणून कळलं नाही. आपले केस पिकलेले आपल्याला कुठे लवकर दिसतात?"

"मॅडम, व्याख्यान नको."

"बरं. करूनच दाखवते."

खोलीतून त्याच कंपनीचा नवा बल्ब आणला आणि खोकं काकांच्या हातात दिलं. "सील तुम्हीच तपासा, तुम्हीच फोडा." काकांनी चष्मा वर-खाली करून अक्षर न् अक्षर वाचलं आणि सील फोडलं. इलेक्ट्रिशियननं उजवीकडचा निळा बल्ब काढून हा बसवला. शटर खाली ओढलं. आत अंधार झाला. मी दिवे लावले.

समोरच्या भिंतीवर दोन्ही झोत निळसर पडले.

"बघा!" काकांनी टाळीच वाजवली. "निळाच खरा! मी काय सांगत होतो?"

मालकांनी माझ्याकडे हात पुढे केला, किल्लीसाठी. मी किल्ली दिली नाही. "झेनॉन पेटताना असाच पेटतो," मी म्हटलं. "तापू द्या. भिंतीवरून नजर काढू नका."

निळं ओसरत गेलं. दोन्ही झोत बरोबरीनं बदलत गेले आणि सायीच्या रंगावर येऊन थांबले. डावा कुठला, उजवा कुठला, सांगता येईना. भिंतीवरची खिळ्यांची भोकंसुद्धा दिसू लागली.

कुणीतरी "वा!" म्हणालं. शटर वर गेलं. काका मालकांच्या कानाशी लागून पुटपुटले, "ठीक आहे. राहू द्या दोन्ही."

"काका," मी म्हटलं, "मघाशी चांगलं मोठ्यानं बोललात. आता हेही मोठ्यानंच होऊ दे."

मालकांचा चेहरा उतरला. पण काकांनी चष्मा खिशात ठेवला, बाकाकडे तोंड केलं आणि सोसायटीच्या सभेत बोलावं तसं खणखणीत म्हणाले, "मॅडमनी दिलेला बल्ब अस्सल होता. मी त्यांच्यावर नको तो आरोप केला. चूक माझी."

"किल्ली राहू दे तुझ्याकडेच," मालक म्हणाले.

"राहणारच आहे," मी म्हटलं.

संध्याकाळी घरी वडिलांना सगळं सांगितलं. नोकरीभर रोज सुटताना गेटवर हात वर करून झडती दिलेला माणूस. त्यांनी टीव्ही बंद केला.

"सगळ्यांसमोर म्हणाला?"

"सगळ्यांसमोर."

"मोठ्यानं?"

"मोठ्यानं, बाबा."

"पहिल्यापासून सांग परत," वडील म्हणाले आणि त्यांनी आईलाही स्वयंपाकघरातून हाक मारली.