दोघांच्या दोन तिजोऱ्या

ज्याच्यावर आयुष्यभर विश्वास टाकला गेला, त्याला दुसऱ्यावर विश्वास टाकण्याची सवय उरत नाही. नारायण पेठेतले दिगंबरराव परचुरे यांनी एका सहकारी बँकेत एकतीस वर्षे तिजोरीच्या दोन किल्ल्यांपैकी एक सांभाळली. निवृत्तीनंतर घरातले सगळे पासवर्डही त्यांनी त्याच निष्ठेने सांभाळले. एका वहीत, बारीक पेन्सिलीने, उलट्या क्रमाने.

गेल्या महिन्यात उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेने या व्यवस्थेचा बोऱ्या वाजवला. त्यांच्या पत्नी मंदाकिनीबाई अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तके वाचून ध्वनिमुद्रित करतात. त्यांपैकी एम.ए. करणाऱ्या आम्रपालीसाठी वाचलेले शेवटचे प्रकरण संगणकात होते आणि संगणक कुलूपबंद. डोळ्यावर पट्टी असलेल्या दिगंबररावांना वही दिसेना, बाईंना तिच्यातला उलटा क्रम उलगडेना. प्रकरण आम्रपालीला मिळाले ते परीक्षेच्या दिवशी सकाळी. आता गुरुवारी डाव्या डोळ्याची पाळी होती आणि शनिवारी आम्रपालीचा पुढचा पेपर.

म्हणून त्याआधीच्या रविवारी त्यांची मुलगी ऋचा, हडपसरच्या आयटी कंपनीतली, पासवर्ड मॅनेजर निवडून द्यायला आली.

"बाबा, एकच मुख्य पासवर्ड लक्षात ठेवायचा. बाकीचे ॲप सांभाळतं. तुझा फोन, आईचा टॅब, संगणक, सगळीकडे तेच."

"कंपनीच्या लोकांना आतलं दिसतं?"

"नाही."

"मुख्य पासवर्ड विसरलो, तर ते सांगतात?"

"त्यांनाही माहीत नसतो."

"मग माणसं बरी दिसतात."

ऋचाने दाखवलेल्या तीनपैकी दोन ॲप बाद झाली. एक फोनवर धावे आणि संगणकावर अडे. दुसऱ्याच्या जाहिरातीत 'निश्चिंत राहा' असे होते. तिजोरीवाला निश्चिंत राहा म्हणाला, की दिगंबरराव सावध होत. तिसरे पसंत पडले.

"ठरलं तर. मुख्य पासवर्ड माझ्याकडे. मंदा, तुला लागेल ते मी उघडून देत जाईन."

"पट्टी बांधून?" मटार सोलता सोलता बाईंनी विचारले.

"यात दोघांच्या वेगळ्या तिजोऱ्या होतात, बाबा," ऋचा म्हणाली, "आणि घरातलं सगळं ठेवायला एक सामाईक."

"हिला वेगळी कशाला? हिचं झाकण्यासारखं आहे काय?"

"अहो, बँकेतली दुसरी किल्ली बापटांकडे असायची ना? त्यांना कधी विचारलंत, झाकण्यासारखं काय आहे म्हणून?"

"ते पद होतं, मंदा."

"माझंही काम आहे."

काळजी घेणे आणि ताबा ठेवणे यांतली सीमा घरातल्या घरात फार पुसट होते. ती आपण केव्हा ओलांडली, हे दिगंबररावांना नेमके आठवेना. मग त्यांनी वही उघडली आणि संगणकाच्या पासवर्डापासून एकेक नोंद मोठ्याने वाचत सामाईक तिजोरीत घालायला ऋचाला सांगितली. बाईंनी टॅब उचलला, स्वयंपाकघरात जाऊन आपला मुख्य पासवर्ड ठरवला आणि परत येऊन मटार पुढे ओढले.

शुक्रवारी दिगंबरराव पट्टी बांधून आतल्या खोलीत पडले होते. बाहेरून बाईंचा वाचनाचा संथ स्वर येत होता.

"मंदा, उघडला का संगणक?"

"केव्हाच."

"अडलं नाही ना कुठे?"

"नाही हो. प्रकरण संपत आलंय. आम्रपालीला आज संध्याकाळीच पाठवते."

"मला सांगायचंस तरी."

"कशाला? पडून राहा."

दिगंबररावांनी कूस बदलली. इतक्या वर्षांत प्रथमच कुणीतरी त्यांच्यावाचून कुलूप उघडले होते, आणि त्यांना झोप लागत होती.