एका शब्दाचा वर्ग

मी लेखक नाही, आणि ज्यांच्याविषयी लिहायला बसलो आहे त्यांच्याविषयी लिहिण्याचा अधिकार तर मला अजिबातच नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. त्यामुळे चार ओळी नीट लिहिता येतात, एवढंच. कॉलेजातल्या बाईंनी वर्गात 'तुम्ही पाहिलेला माणूस' लिहून आणायला सांगितलं तेव्हा बाकीच्यांनी दुसऱ्याच दिवशी वह्या दिल्या. माझी वही तीन आठवडे कोरी राहिली. माणूस आठवत नव्हता असं नाही. तो एकच आठवत होता, आणि त्याच्याकडे बघायची माझी तयारी नव्हती. तरी लिहितो. चुकलं तर सांभाळून घ्यावं. काकांनी घेतलंच असतं. त्यांनी ते एकदा घेतलेलं आहे.

अख्खी इंग्रजी भाषा एका शब्दावर चालवणारा माणूस जगात एकच झाला असेल, आणि तो आमच्या कुवेतच्या कॅम्पमध्ये माझ्या समोरच्या खाटेवर झोपत असे. सगळे त्यांना रिगर काका म्हणत. रिगर म्हणजे क्रेनला माल बांधून देणारा आणि तो उचलताना क्रेनवाल्याला हाताने खुणा करणारा माणूस. काका देवगडकडचे, सातवी पास, सोळा वर्षं मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत. मी त्याच तालुक्यातला, बी.ए.चं शेवटचं वर्ष बाहेरून देणारा, साइटवर हजेरी लिहिणारा टाइमकीपर. नव्वदचं दशक संपत आलं होतं. फिंतासला कंपनीचा कॅम्प होता, एका खोलीत सहा खाटा, आणि माझ्या उशाशी एक जाडजूड इंग्रजी डिक्शनरी. पहिल्याच दिवशी काकांनी ती उचलून वजन केल्यासारखी हातात तोलली. म्हणाले, "मेल्या, ह्या उशाक घेऊन मान मोडतली तुझी. इंग्लिशात एकच शब्द कामाचो. हँड. बाकीचे साहेबांनी टायमपास म्हणून काढल्यानी."

मला ती थट्टा वाटली. पण काका खरोखरच तसं जगत होते. सामान हवं असलं तर 'हँड मी', मदत हवी असली तर 'गिव्ह हँड', पाळी संपली की 'हँडओव्हर', काम बिघडलं की 'आउट ऑफ हँड', सगळं ठीक असलं की 'इन हँड'. साहेब सकाळी 'ऑल हँड्स' म्हणून माणसं गोळा करायचा, त्याचं तर त्यांना फार कौतुक. "बघ, साहेब माणसां मोजताना हात मोजता. डोकी मोजूक गेलो तर संख्या कमी भरात." एकदा पोट बिघडलं म्हणून मी त्यांना दवाखान्यात नेलं. तिथल्या सिस्टर साताऱ्याच्या निघाल्या. काका त्यांना गंभीरपणे म्हणाले, "सिस्टर, स्टमक आउट ऑफ हँड." सिस्टर हसून म्हणाल्या, "अहो काका, मराठीत सांगा की!" तर म्हणतात, "नको. मराठीत सांगितलंय तर डॉक्टर घरगुती औषध देतत."

दिवसभर क्रेनला खुणा करून करून त्यांचे हात बोलायचे थांबत नसत. मेसमध्ये आचारी आमटी वाढायला आला की काका तर्जनी खाली धरून गोल फिरवत, म्हणजे 'खाली सोड'. मग दुसरा पंजा त्या बोटावर स्थिर धरत, म्हणजे 'हळू'. मूठ मिटली की पळी थांबायची. आचारी आमच्याच भागातला, कणकवलीचा, तोही वर बघून क्रेनच्या ऑपरेटरसारखी मान हलवायचा. शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, टेलिफोनच्या काचेच्या खोक्यात शिरून ते घरी फोन करत. घराचे वासे चढवायचं काम निघालं होतं तेव्हा पलीकडून काकू काय बोलत होत्या देव जाणे, पण काका खोक्यात एकटेच दोन्ही हातांनी वासा उचलत, फिरवत, अलगद भिंतीवर ठेवत होते. बाहेर रांगेत उभे असलेले पठाण ड्रायव्हर श्वास रोखून बघत होते. वासा बसला तेव्हा त्यांच्यातल्या एकाने टाळी वाजवली.

खुणांच्या बाबतीत मात्र काका थट्टा खपवून घेत नसत. एका क्रेनला एकच हात, हा त्यांचा नियम. खुणा करणाऱ्याच्या अंगात नारिंगी जाकीट असायचं आणि ऑपरेटरने फक्त त्या जाकिटाकडे बघायचं. दोघांनी खुणा केल्या तर ऑपरेटर दोघांचंही ऐकत नाही, आणि माल अधांतरी राहतो. पाळी बदलताना जाकीट अंगातून काढायचं, ऑपरेटरच्या डोळ्यांदेखत दुसऱ्याच्या अंगात घालायचं, ऑपरेटरने मान हलवली की झालं. आणि एक गोष्ट ते नव्या माणसाला हमखास सांगत: जाकीट कधी मागून घ्यायचं नसतं. ज्याच्या अंगात आहे त्याने आपण होऊन काढून द्यायचं. तोवर क्रेन त्याची.

त्या वर्षी रिफायनरीच्या दुरुस्तीसाठी एकवीस चिनी वेल्डर आले. कामाला वाघ, पण इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. सेफ्टीचा इजिप्शियन साहेब गेटवर इंग्रजीत तोंडी परीक्षा घ्यायचा. त्यात नापास झालेल्याला आत प्रवेश नाही, त्याने शुऐबाच्या यार्डात उन्हात बसून पाइपांचा गंज घासायचा. परीक्षेला चार आठवडे होते. चिन्यांचा म्होरक्या ल्यू नावाचा पन्नाशीचा माणूस होता. त्याचा वेल्डिंगचा टाका एक्सरेच्या तपासणीत कधी नापास झाला नव्हता, आणि आता साध्या तीन प्रश्नांना तो हादरला होता. मेसमध्ये आमच्या टेबलाशी येऊन त्याने काकांपुढे दोन्ही हात पसरले. काका म्हणाले, "नो प्रॉब्लेम. हँड इज देअर."

अशा रीतीने शुक्रवारी सकाळी मेसमध्ये वर्ग सुरू झाला. काका नारिंगी जाकीट घालून, गळ्यात शिट्टी अडकवून उभे राहत आणि समोर एकवीस चिनी माणसं चहाचे पेले धरून बसत. विषय एकच. काका पंजा वर करत: "हँड!" एकवीस पंजे वर होत: "हँड!" मग काका पाना मागत, दोर ओढायला लावत, भार हेलकावल्याचं नाटक करत आणि प्रत्येक वेळी त्या शब्दाची एक नवी वाट दाखवत. भार हलला, काय करायचं? हात आडवा, "हँड स्टॉप!" दोराखाली बोट गेलं? "हँड आउट!" ल्यू एका वहीत प्रत्येक गोष्टीचं चित्र काढी आणि शेजारी चिनी अक्षर लिही. चित्रांतून आणि खुणांनी तो सांगे की त्यांच्या भाषेत हाताला 'शौ' म्हणतात. नवशिका तो 'शिन शौ', नवा हात. सराईत तो 'लाओ शौ', जुना हात. आणि खलाशी म्हणजे पाण्याचा हात! काकांना हे समजलं तेव्हा त्यांनी मला मिठी मारायचीच बाकी ठेवली. "जहाजावर पण खलाशाक हँडच म्हणतत रे! माजो भाव सोळा वर्षा बोटीवर हँड होतो. म्हणजे चिन्यांका, साहेबांका नि आमका एकाच मास्तरान शिकवल्यान!" त्या दिवसापासून चिनी लोक काकांना 'लाओ शौ' म्हणू लागले.

मी मागच्या बाकावर हजेरी घेत बसे. आणि खरं सांगायचं तर आतल्या आत जळत असे. डिक्शनरी माझ्याकडे, आणि मास्तर सातवी पास.

तिसऱ्या शुक्रवारी काका सांगत होते, फोरमन म्हणजे फर्स्ट हँड आणि त्याचा हेल्पर म्हणजे सेकंड हँड. मी उभा राहिलो. "काका, सेकंड हँड म्हणजे वापरलेली वस्तू."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "मग आमचो हेल्पर काय नवीन आसा? तीन कंपन्यांनी वापरलोहा."

आचारी हसला. तिथेच बसायला हवं होतं. पण मी डिक्शनरी उघडून वाचून दाखवलं. पाच मिनिटांनी पुन्हा उठलो, 'गिव्ह हँड' नव्हे, मध्ये 'अ' हवा. मग तिसऱ्यांदा. चिन्यांना शब्द कळत नव्हते, पण ते एकदा काकांकडे आणि एकदा माझ्याकडे बघत होते. ल्यूने वहीत काढलेलं चित्र खोडलं, पुन्हा काढलं, आणि पेन्सिल खाली ठेवली.

काकांनी शिट्टी वाजवली. ते माझ्याजवळ आले, जाकीट काढलं आणि सगळ्यांसमोर माझ्या अंगात घातलं. खांद्यावर नीट बसवलं, पुढची पट्टी बांधली. मग ल्यूकडे वळून म्हणाले, "हँडओव्हर." ल्यूने एकदा जाकिटाकडे पाहिलं आणि मान हलवली. काका मागच्या बाकावर, माझ्या जागेवर जाऊन बसले.

मला तो सन्मान वाटला. कबूल करायला लाज वाटते, पण त्याच दिवशी मी घरी पत्र लिहिलं की तुमचा मुलगा परदेशात चिनी लोकांना इंग्रजी शिकवतो.

मी फळ्यावर 'हँड'चे वाक्प्रचार अकारविल्हे लिहून काढले, चाळीसच्या वर. प्रत्येकाचा अर्थ, प्रत्येकाचं वाक्य. संध्याकाळीसुद्धा ज्यादा तास घेतले. चिनी माणसं शहाण्या मुलांसारखी उतरवून घेत. कुणी पंजा वर केला नाही, कुणी नाटक केलं नाही, चहाही कुणी आणला नाही. काका मागे बसून ऐकत. एकदाच, मी वाक्प्रचार घोकून घेत असताना, त्यांचा एक पंजा दुसऱ्या हाताच्या बोटावर येऊन थांबला. 'हळू.' मी न पाहिल्यासारखं केलं.

परीक्षेच्या दिवशी साहेबाने ल्यूला विचारलं, भार हेलकावे खाऊ लागला तर काय करशील? दोन आठवड्यांपूर्वी ल्यूचा हात आपोआप आडवा झाला असता आणि तोंडून 'हँड स्टॉप' निघालं असतं. आता तो पूर्ण वाक्य आठवू लागला. ओठ हलत होते. फळ्यावरची कुठली ओळ तो शोधत होता हे मला गेटवरून दिसत होतं, कारण त्या ओळी माझ्या होत्या. साहेबाने दोनदा विचारलं आणि कागदावर फुली मारली. एकवीसपैकी नऊ जण नापास झाले. त्यांना शुऐबाला नेणाऱ्या गाडीत ल्यू सगळ्यांत शेवटी चढला. चढताना त्याने मला वाकून नमस्कार केला, मास्तरांना करतात तसा.

त्या संध्याकाळी मी खाटेवर बसून काकांच्या शिव्यांची वाट पाहत होतो. ते आले, हातमोजे धुतले, दोरीवर वाळत घातले. मग म्हणाले, "जेवलंस?"

एवढंच. त्यांनी काही बोलावं, म्हणजे मला माफी मागता येईल, असं मला वाटत राहिलं. ते बोलले नाहीत आणि मी मागितली नाही. आठवड्याभरात माझी बी.ए.च्या परीक्षेची रजा सुरू झाली. जायच्या आदल्या दिवशी सामान भरताना काका समोरच्याच खाटेवर होते. खुंटीवरचं जाकीट मी घडी घालून बॅगेत ठेवलं. घाईत गेलं असं मी पुढे स्वतःला पुष्कळदा सांगितलं. ते खोटं आहे. ते परत द्यायचं तर आधी त्यांच्यासमोर उभं राहावं लागणार होतं. काकांनी ते बॅगेत जाताना पाहिलं आणि फिंतासच्या दुकानातून माझ्या आईसाठी आणलेली खजुराची पेटी त्यावर नीट बसवून दिली.

मी परत गेलो नाही. बी.ए. झालो, इथे कणकवलीत पतपेढीत चिकटलो, आणि आता या वयात पुन्हा कॉलेजात येऊन बसलो आहे. काकांना तीनदा पत्र सुरू केलं. दोन-तीन वर्षांपूर्वी ते कायमचे गावी परतल्याचंही कानावर आलं होतं. एस.टी.ने दीड तासाचा रस्ता. जाकीट घेऊन जायचं, एवढंच काम. पण आधी सहामाही होती, मग गणपती, मग पुन्हा परीक्षा.

मागच्या महिन्यात कणकवलीच्या बाजारात मेसचा तो आचारी भेटला. केस पांढरे झालेत. मीच आधी विचारलं, काका कसे आहेत. तो पिशवी खाली ठेवून म्हणाला, "तुमका कळाक नाय? शिमग्याच्या आधी गेले. झोपेतच." मग आम्ही एका दुकानाच्या फळीवर बसलो. त्याने सांगितलं की मी गेल्यावर पुढच्याच शुक्रवारी काका सकाळची गाडी पकडून शुऐबाच्या यार्डात गेले, आणि नंतर दर शुक्रवारी जात राहिले. दुसऱ्या खेपेला नऊच्या नऊ पास झाले. ल्यूने तर भार म्हणताच असा हात आडवा केला की साहेब दोन पावलं मागे सरला. मग नवे चिनी आले, नेपाळी आले, मेसमध्ये पाच वर्षं वर्ग चालला.

"पण काका उभे रवान शिकवीत नसत," आचारी म्हणाला. "खुर्ची मोकळी ठेवून बाजूक बसत. साध्या शर्टात. कंपनीन नवीन जाकीट दिल्यान, ता साइटवर घालीत, वर्गात नाय. कोणी मास्तर म्हटल्यान तर खवळत. म्हणत, मास्तर नको म्हणू, मी हेल्पर. प्रोफेसर सुट्टीवर गेलोहा. जाकीट त्याच्याकडे आसा."