मागून येणारी सायकल

उभी हयात छापखान्याच्या यंत्रांशेजारी गेल्याने बाबांचे कान गेले होते, पण पायांना भिंगरी होती. त्यांचा शिंपी मित्र पलीकडच्या वस्तीत राहायचा. मधल्या हमरस्त्यावरच्या गाड्यांची धडकी भरू लागली, तेव्हा बाबांचं जाणं थांबलं.

त्यांची मुलगी रस्त्यांचे आराखडे काढणाऱ्या कार्यालयात होती. त्याच वस्तीकडे जाणाऱ्या रेल्वेचे जुने रूळ उखडलेल्या जागेवर पायी चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी मिळून एकच वाट आखायचं काम तिच्याकडे आलं. घरचं कार्य असावं तसं तिने ते अंगावर घेतलं.

वाट झाली. बाबा रोज सकाळी निघायचे, शिंप्याकडे चकाट्या पिटून जेवायला परतायचे. मग हळूहळू त्यांनी जाणं सोडलं. गुडघा दुखतो म्हणाले. तिने मलम आणलं, पट्टा आणला.

"तुझी वाट सरळ आहे गं, माझेच पाय वाकडे," असं म्हणून त्यांनी हसण्यावारी नेलं.

खरं काय ते तिला शिंप्याकडून कळलं. सायकली मागून यायच्या, घंटी बाबांना ऐकू यायची नाही. कोपराला चाटून कुणी गेलं की ते जागीच थिजायचे. "बहिरा आहेस का," असं एकजण ओरडला, ते त्यांना ओठांवरून समजलं होतं.

"तुला सांगू नको म्हणाला होता," शिंपी म्हणाला. "पोरीने हौसेने केलंय म्हणे."

तिने कार्यालयात पायी चालणाऱ्यांसाठी सायकलींना चढता येणार नाही अशी उंच, वेगळी कडा मागितली. साहेबांनी विचारलं, अपघात झालाय का, कुणाची तक्रार आहे का?

"जे यायचेच बंद झाले, ते तक्रार कशी करणार, साहेब?"

साहेब आराखडा द्या म्हणाले. पण मंजुरीला इतका वेळ गेला की तोवर बाबांचे पाय खरोखरच गेले. कडा झाल्याचं तिने त्यांच्यासमोर बसून सावकाश सांगितलं. त्यांनी तिच्या हातावर थोपटलं. "छान केलंस," म्हणाले, आणि भिंतीकडे कूस वळवली.

बाबा गेल्यावर ती शिंप्याकडे चालत गेली. त्याने मशीन थांबवलं.

"दुकान, दुकान करत बसलो," तो म्हणाला. "मला तर ऐकू येत होतं. मीच का नाही गेलो त्याच्याकडे?"

गिऱ्हाईक आलं, तशी ती उठली.