दोन टोकं आणि आमचे मामेसासरे

इतका प्रामाणिक आणि इतका गोंधळलेला माणूस एकाच कोटात, सगळ्या मुंबई इलाख्यात दुसरा सापडायचा नाही, हे मी पैजेवर सांगायला तयार आहे. हा माणूस म्हणजे माझ्या बायकोचे मामा. गिरगावात आमच्याच वाडीत राहायचे. दुपारी पाटावर बसले की आपलं जेवण व्हायचंय की झालंय, याची मामींकडे चौकशी करायचे, आणि झालंय म्हटलं तर निमूटपणे हात धुवायचे. एकदा कुणाच्या तरी मयताला म्हणून गेले, घर चुकले आणि शेजारच्या साखरपुड्यात तासभर डोळे पुसत बसले. मुलीकडच्यांना वाटलं मुलाकडचे असतील, मुलाकडच्यांना वाटलं मुलीकडचे. निघताना मामांना नारळही मिळाला. तो हातात धरून घरापर्यंत ते विचार करत आले, की मयताला नारळ द्यायची ही कुठली रीत!

अशा माणसाला सरकारी कचेरीने खडीच्या गाड्या तपासायला नेमलं. मागच्या, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दहा वर्षांतली ही गोष्ट. घोडपदेवाच्या टेकडीखाली खडी फोडायची, बैलगाड्यांत भरायची आणि लालबागेकडे गिरण्यांच्या नव्या बांधकामांवर न्यायची, असा तेव्हा दिवसभर राबता. गाडीवान सगळे नगरकडचे. मजुरी फेरीवर, टोपल्यांच्या हिशेबाने, त्यामुळे मावेल त्याहून चार टोपल्या जास्तच. मग वाटभर खडी सांडायची आणि पहाटे अनवाणी गिरणीला जाणाऱ्या बायाबापड्यांचे पाय फुटायचे. म्हणून नियम झाला, की गाडीच्या कठड्यावर खडी दिसता कामा नये. नियम सांभाळायला माणूस दिला एक, आणि रस्त्याला टोकं दोन.

मामांनी यावर आपल्या परीने तोड काढली होती. सकाळी ते घोडपदेवाच्या टोकाला उभे राहत. कठड्यांवर छत्री आडवी ठेवून बघत. छत्रीला खडी लागली नाही तर डाव्या बैलाच्या शिंगावर तेलात कालवलेल्या गेरूचं एक बोट ओढत, म्हणजे गाडी तपासली. मग धापा टाकत लालबागेच्या टोकाला जात आणि बोट नसलेली गाडी अडवत. ते इकडे आले की तिकडे रान मोकळं, तिकडे गेले की इकडे. वाटेत मध्येच थांबून एखाद्या गाडीवानालाच विचारत, "काय रे, मी आत्ता कुठून आलो?" गाडीवान आपल्या सोयीचं टोक सांगून मोकळा होई. आम्ही हसायचो. पण रस्त्यात सांडलेला खडा दिसला की हा साठीचा माणूस वाकायचा, उचलून खिशात टाकायचा, आणि रोज संध्याकाळी मामी त्या कोटाचे खिसे अंगणात उलटे करायच्या, हेही खरं.

मामांचं मागणं एकच होतं. दुसऱ्या टोकाला एक माणूस द्या. माझं इंग्रजी बरं म्हणून त्यांचे अर्ज मीच लिहायचो. पाच-सहा अर्जांनंतर एकदाचा कचेरीचा साहेब स्वतः पाहायला येणार असं कळलं. तपासणीच्या या नाक्याला माणूस वाढवायचा की नाकाच मोडायचा, हे तो ठरवणार होता. नाका मोडला तर मामांची नोकरी गेलीच. दुभाषा म्हणून मामांनी मला बरोबर घेतलं.

त्या सकाळी मामा आयुष्यात पहिल्यांदाच डाव टाकून आले होते. घोडपदेवाला ते मुद्दाम गेलेच नव्हते. लालबागेला बिनगेरूच्या गाड्यांची रांग लागेल आणि एका माणसाने किती भागतं ते साहेबाला दिसेल, असा बेत. साहेबाची बग्गी आली, पाठोपाठ पहिली गाडी आली. बैलाचं शिंग लालभडक! दुसऱ्या गाडीचं तसंच. तिसरीच्या तर दोन्ही बैलांची चारी शिंगं बुडापासून टोकापर्यंत लाल.

मामांचा चेहरा पाहवेना. "जावईबापू, आज मी कुणालाच तपासलं नाही हो," ते म्हणाले, "मग हे सगळे तपासलेले कसे?"

गाडीवान खो खो हसला. "काल पोळा न्हवता का, रावसाहेब? शिंगं रंगवली न्हवं बैलांची!"

आम्ही पडलो कोकणातले. आमच्याकडे गुरांचं कौतुक दिवाळीच्या पाडव्याला. श्रावणातल्या अवसेला बैलांचा सण असतो, हे मामांच्या गावीही नव्हतं. साहेबाने मला विचारलं, हा काय म्हणतो? आणि मी, आपल्या इंग्रजीच्या तोऱ्यात, शब्दन् शब्द सांगितला, की यांनी आज एकही गाडी तपासलेली नाही आणि यांची खूण आता यांनाच ओळखू येत नाही. खोटं काहीच नव्हतं. थोडं कमी सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं, ही टोचणी मला अजून आहे.

मामांनी मग सगळ्याच गाड्या थांबवल्या आणि एकेकीवर छत्री ठेवू लागले. मागे गाड्यांवर गाड्या चढल्या, बैल हंबरू लागले, शिव्यांना ऊत आला आणि साहेबाची बग्गी मधोमध अडकली. साहेब आत बसून वहीत काहीतरी लिहीत राहिला.

महिन्याभराने लखोटा आला. दिवे लागायच्या सुमाराला मामा तो घेऊन माझ्याकडे आले. मी वाचला. नाका कायम. दोन्ही टोकांना एकेक नवा माणूस, तिशीच्या आतला, दोघांचीही नावं दिलेली. मामांचं नाव शेवटच्या ओळीत होतं. आभार मानून निरोप दिला होता. मी मराठीत सांगायला लागलो आणि पहिली दोन वाक्यं सांगून थांबलो.

"दोन माणसं दिली?" मामांचा चेहरा फुलला. "अहो, मी एकच मागत होतो! चला, बायाबापड्यांचे पाय तरी आता वाचतील." मग जरा विचारात पडले. "पण मला कुठल्या टोकाला ठेवलंय, तेवढं बघा. नाहीतर उद्या भलतीकडेच जाऊन उभा राहायचो."

साहेबापुढे मी एक शब्दही गाळला नव्हता; इथे शेवटची ओळ गाळून कागदाची घडी घातली. मी म्हणालो, "मामा, अक्षर फार बारीक आहे. सकाळी उजेडात नीट वाचून सांगतो."

"वाचा सावकाश," मामा म्हणाले, "काही घाई नाही. तोवर मी दोन्हीकडे जातो."