आमच्या साडूंचा खालचा गिअर

गाडी जोरात पळावी म्हणून जिवाचा आटापिटा करणारी माणसं आपल्या उपनगरांत गल्लोगल्ली सापडतील. पण आधीच रखडत चालणारी गाडी आणखी हळू चालावी म्हणून वर्षभर घरच्यांची बोलणी खाणारा माणूस बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत एकच आहे, आणि माझ्या नशिबाने तो माझा साडू आहे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा, म्हणजे ताईचा, हा नवरा. ते राहतात चारकोपला, आम्ही नाहूरला, आणि मधलं अंतर देवाने विचार करूनच ठेवलेलं आहे. साडूंना घाई हा प्रकारच ठाऊक नाही. एका लग्नात ते जेवायला बसले, तेव्हा त्यांच्या पंगतीतले लोक हात धुऊन, आहेर देऊन, आइसक्रीम खाऊन परत आले तरी हे वरणभातावरच होते. शेवटी केटररच्या माणसांनी दोन्ही बाजूंची टेबलं घडी करून नेली आणि साडू रिकाम्या हॉलच्या मधोमध एकटेच जिलबीला हात घालताना दिसले. नोकरी सरकारी कार्यालयात, त्यामुळे या गुणाचं तिथे चीजच झालं असावं. ‘घाई कुणाला आहे?’ हे त्यांचं लाडकं वाक्य, आणि ते नेमकं सगळ्या खोलीला घाई असताना येतं.

अशा माणसाने गाडी घ्यावी तर एखादी शहाणीसुरती घ्यावी. यांनी घेतली कुठल्याशा धरणाच्या कामावर आयुष्य काढलेली जुनी फोर-व्हील जीप. तिला दारं नव्हती, छप्पर ताडपत्रीचं होतं आणि हॉर्न सोडून सगळं वाजत होतं. लिंक रोडवर साडू ती चालवतात तेव्हा मागे रिक्षावाले त्यांच्या घराण्याचा उद्धार करत असतात आणि हे आरशात बघून त्यांना अदबीने हात करतात. ताई एकदाच त्या जीपमधून नातेवाइकांकडे गेली. उतरल्यावर तिचे केस पाहून यजमानीणबाईंनी आधी पाणी दिलं आणि मग हळूच विचारलं, काही वाईट बातमी आहे का. तेव्हापासून ताई रिक्षाने जाते आणि साडू पोचेपर्यंत तिचा चहा, नाश्ता आणि निरोपाचं हळदीकुंकूही उरकलेलं असतं.

आता एवढं हळू जाणाऱ्याला आणखी हळू जायची हौस का सुटावी? तर त्याचं कारण आमच्या दोघांचे सासरे, अण्णा. अण्णा चारकोपला लेकीकडेच असतात. मालवणी माणूस, जिभेला हाड नाही. त्यांच्या गावी घरामागे घाटी चढून गेलं की वर सडा लागतो, म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. त्या सड्यावर त्यांच्या वाडीचा राखणदार, म्हणजे वाडी राखणारा देव, आहे. त्याला वर्षातून एकदा नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं, आणि ते घराण्यातल्या वडीलधाऱ्यानेच घालायचं. अण्णांच्या पाठीचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी बजावलं की चढणं बंद, आणि पाठीला हिसका तर अजिबात नको. डोलीत बसवून चौघांनी नेऊ, असं मी सुचवलं. त्यावर अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी घाटावरचा आहे ही गोष्ट त्यांनी पुन्हा एकदा मनातल्या मनात माफ केली असावी. “माका चौघांनी उचलूक मी अजून मेलंय नाय,” ते म्हणाले आणि विषय संपला.

मग साडूंनी आपली जीप गावी आणून अण्णांना तिच्यात बसवलं. तिने ती घाटी चढायचा प्रयत्न केलाही. पण दगड आला की क्लच दाबा, सोडा, पुन्हा दाबा, आणि दर वेळी गाडीला हिसका. पहिल्या वळणावरच क्लच जळल्याचा वास सुटला आणि अण्णांचा चेहरा पांढरा पडला. ते ओरडले नाहीत, हेच भयंकर होतं. मुंबईला आल्यावर ते कितीतरी दिवस अंथरुणावर होते, आणि बरे झाले तेव्हा त्यांनी गावाचं नावच टाकलं. सड्याचा विषय निघाला की उठून गॅलरीत जायचे. सगळ्यांनी समजूत करून घेतली की आता ते राहिलंच. साडूंनी घेतली नाही. ते गुपचूप जीपखाली जाऊन झोपायला लागले.

त्यांनी जीपखाली शोधून काढलं ते असं. गिअरबॉक्सच्या पाठीला एक लोखंडी पेटी असते, ट्रान्सफर केस म्हणतात तिला. इंजिनाची ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांना वाटून देणं हे तिचं काम. तिची वेगळी छोटी दांडी असते, ती ओढली की वेग कमी होतो आणि जोर वाढतो. साडूंचं म्हणणं, हा कमी वेगसुद्धा जास्तच आहे. पेटीतले गिअर बदलून तो आणखी खाली आणला, तर क्लचला पाय न लावता गाडी नुसत्या इंजिनाच्या गुणगुणण्यावर दगड चढेल आणि हिसका बसणारच नाही. चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या मिस्त्रीला त्यांनी हे सांगितलं तेव्हा तो बिचारा हातातला पाना खाली ठेवून म्हणाला, “साब, लोग पिकअप मांगता है. आपको क्या हुआ?” पण साडूंच्या सावकाश बोलण्यापुढे भलेभले शरण येतात. तास-दीड तासाने मिस्त्रीही शरण आला.

गिअर पंजाबातून आले. आता यात एक खुबी अशी की गिअरच्या दातेरी दांड्यावर बेअरिंग घट्ट बसवायचं तर दांडा गारठवायचा आणि बेअरिंग गरम करायचं. एक आकसतो, दुसरं फुगतं आणि दोघं विनातक्रार एकमेकांत बसतात. म्हणून साडूंनी दांडा वर्तमानपत्रात गुंडाळून, पिशवीत घालून घरच्या फ्रीझरमध्ये ठेवला. मालवणी घरातल्या फ्रीझरमध्ये वर्तमानपत्रात गुंडाळलेली, हातभर लांबीची, जड वस्तू म्हणजे काय असते हे त्या घरात लहान मूलही सांगेल. बुधवारी साडू ती पिशवी उचलून, बर्फाच्या डब्यात घालून इस्टेटमध्ये पोचले. मिस्त्रीने कढईत तेल तापवून बेअरिंग तयार ठेवलं होतं. साडूंनी कागद सोडला तर आतून सुरमई निघाली. मिस्त्रीने ती खालून-वरून पाहिली आणि गंभीरपणे म्हणाला, “साब, ये फिट नहीं होगा.” तेवढ्यात ताईचा फोन आला. अण्णांनी दांडा मिठाच्या पाण्यात घातला होता आणि या माशाला दात कसले, म्हणून तिला विचारत होते. दुसरा कुणी असता तर त्याने डोकं आपटून घेतलं असतं. साडू म्हणाले, “असू दे, उद्या बसवू.” तापलेलं तेल मात्र त्यांनी वाया जाऊ दिलं असेल की नाही याबद्दल मला अजून शंका आहे. त्या संध्याकाळी ते जेवायला घरी आले नव्हते.

पेटी बसली आणि साडूंनी सोसायटीच्या आवारातच परीक्षा घ्यायचं ठरवलं. सगळ्यात खालचा गिअर टाकून त्यांनी स्टिअरिंग सरळ धरलं, आणि मग चालत्या गाडीतून शांतपणे खाली उतरून ते तिच्या शेजारून चालायला लागले. बैल बाजाराला नेणाऱ्या माणसासारखे, मधूनच आत हात घालून स्टिअरिंग थोडं वळवत. गेटवरच्या वॉचमनने जीप येताना पाहून सवयीने सलाम ठोकला, मग आत कुणीच नाही हे त्याच्या लक्षात आलं आणि तो केबिनमध्ये शिरून कडी लावून बसला. अध्यक्षांनी दुसऱ्या दिवशी नोटीस लावली की आवारात वाहने चालकासह चालवावीत. अण्णा हा सगळा तमाशा गॅलरीतून बघत होते. रात्री जेवताना त्यांनी ताईला विचारलं की गावच्या घरात कंदिलाला रॉकेल आहे का.

मे महिन्यात आम्ही तिघे गावी गेलो. मी मागे बसलो होतो, मांडीवर नारळाची पिशवी. खरं सांगतो, मला भीती वाटत होती, आणि ती गाडीची नव्हती. या वेळी जमलं नाही तर पुन्हा अण्णांना विचारायचं तोंड आम्हाला राहिलं नसतं. घाटीच्या पायथ्याशी साडूंनी ती छोटी दांडी ओढली, दोन्ही पाय सतरंजीवर बसल्यासारखे बाजूला घेतले आणि जीप निघाली. दगड आला की चाक त्याच्यावर हळूच चढायचं, जरा विचार करायचं आणि पलीकडे उतरायचं. डोक्यावर लाकडाचा भारा घेतलेली एक बाई आमच्या मागून आली, बरोबर चालत अण्णांची ख्यालीखुशाली विचारली आणि पुढे निघून गेली. मागच्या वेळच्या वळणावर साडूंच्या कपाळावर घाम होता. अण्णांनी सीटची दांडी घट्ट धरली होती. वळण गेलं. थोड्या वेळाने अण्णांनी हात सोडला आणि साडूंच्या गाडी चालवण्यावर सविस्तर टीका सुरू केली, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

वर राखणदारापुढे अण्णा स्वतःच्या पायांवर उभे राहिले. गाऱ्हाणं त्यांना सगळं पाठ होतं, आवाज फक्त पूर्वीसारखा नव्हता. आम्ही दोघे जावई मागे उभं राहून ‘होय म्हाराजा’ म्हणत होतो. त्यांनी लेकींसाठी मागितलं, नातवंडांसाठी मागितलं, वाडीतल्या गुराढोरांसाठी मागितलं. स्वतःसाठी काहीच मागितलं नाही, आणि पुढच्या वर्षीचा शब्दही दिला नाही. तो शब्द अण्णा दर वर्षी देतात, हे मला नंतर ताईने सांगितलं.

परत निघालो तेव्हा ऊन उतरलं होतं. सड्यावरून खाडी दिसत होती आणि खाली वाडीतली कौलं. जीप आपली मुंगीच्या चालीने घाटीकडे चालली होती. अण्णा बाहेर बघत होते, सगळं वाडीपासून खाडीपर्यंत, एकेक करून. बऱ्याच वेळाने त्यांनी साडूंच्या हातावर हात ठेवला.

“ह्येच्यापेक्षा सावकास चलता काय रे ही?”

साडूंनी ती छोटी दांडी चाचपून पाहिली. अख्खं वर्ष याच एका प्रश्नासाठी जीपखाली घालवलेला माणूस, पण त्याला उत्तर देताना त्रास झाला. “नाही अण्णा,” ते म्हणाले, “याच्याखाली गिअर नाही.”

मग त्यांनी इंजिन बंद केलं, आणि आम्ही तिघे तिथेच बसून राहिलो.