त्रिंबकनं बुजवलेली फट

आमच्या शेजारचा त्रिंबक पाचोडकडचा. घरी तीन पिढ्यांची मेंढरं, आणि हा वाळूजच्या एका कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळायचा. रोज संध्याकाळी मी विचारायचो, "काय त्रिंबकराव, किती दूध दिलं आज मशीननं?" तो सरळ घरात शिरायचा. त्याची बायको राजाबाई मात्र पदर तोंडाला लावून हसायची, म्हणून तर विचारायचो.

त्र्याण्णव साल होतं. विद्यापीठाच्या नामांतरावरून शहर असं दुभंगलेलं, की टपरीवाला आधी गिऱ्हाईक कुठल्या बाजूचं ते बघायचा, मग साखर किती ते विचारायचा. अशात कारखान्याची युनिक्स मशीन रोज दुपारी एकच्या सुमारास कोसळायला लागली. तिचा गाभा, ज्याला कर्नेल म्हणतात, तोच पडायचा. पडद्यावर 'पॅनिक' उमटायचं आणि स्टोअरपासून गेटापर्यंत तिला जोडलेली अकरा टर्मिनलं, म्हणजे पडदे-कीबोर्ड, एकदम ठप्प.

मॅनेजरांना गुन्हेगार लगेच सापडला. टाइम ऑफिसातला सांडू! तो नामांतराच्या मोर्चाला उघड जायचा आणि बरोबर एकला जेवायला उठायचा. "काहीतरी लावून जातो हा. शनिवारी काढून टाका," हुकूम सुटला.

सांडू त्रिंबकचा दोस्त. गुरुवारी दुपारी त्रिंबक टाइम ऑफिसच्या कपाटामागं जाऊन उभा राहिला. (पोट आत ओढून, असं तो सांगतो. ते पोट मी पाहिलंय.) सांडू जेवायला गेला आणि हेडक्लार्क नानासाहेब हळूच आत आले. कंपनीनं कागदी मस्टर बंद केलेलं, पण नानासाहेबांचा कॉम्प्युटरवर काडीचा विश्वास नव्हता. ते चोरून सगळ्यांची हजेरी पुन्हा मस्टरात उतरवायचे. टेबल एवढंसं, म्हणून ते जाडजूड मस्टर सरळ कीबोर्डवरच उघडलं आणि वर कोपर टेकलं. पडद्यावर अक्षरांची रांग धावायला लागली. थोड्या वेळात मशीन आडवी.

"सापडलं!" त्रिंबक कपाटामागून ओरडला.

"आरं, म्या तर त्याला हातबी लावला नाय!" नानासाहेबांच्या हातातलं पेन उडालं.

मॅनेजर म्हणाले, "मस्टर जप्त करा. विषय संपला."

"नाय साहेब. आज मस्टरनं पडली, उद्या कुणीबी नुसतं बटन दाबून धरंल. पासवर्डबी लागत नाय. अन् तुमी पुन्हा सांडूलाच धरताल. फट बुजवावी लागंल."

"मग शनिवारपर्यंत बुजवा. नाहीतर सांडू घरी."

फट होती टर्मिनलची अक्षरं आत नेणाऱ्या प्रोग्रॅममध्ये. एंटर दाबेपर्यंत तो अक्षरं एका ठरावीक जागेत साठवायचा, पण जागा भरली का ते बघायचाच नाही. वरची अक्षरं शेजारी कर्नेलच्या जागेत घुसायची. "जागा न बघता मेंढरं कोंडणारा गडी आमच्यात एक दिस टिकला नसता," त्रिंबक करवादला. त्यानं चार ओळी घातल्या: जागा भरली की पुढचं अक्षर फेकायचं आणि पीं वाजवायचं. शुक्रवारी तपासलं, तर मशीन पुन्हा आडवी! आमच्या गड्यानंच मोजताना एक अक्षर जास्त घेतलेलं. त्या दिवशी मी दुधाचं विचारलं नाही. मलाही थोडी लाज आहे.

शनिवारी मॅनेजरांसमोर परीक्षा. नानासाहेब मस्टरला हात लावेनात. शेवटी सांडूनंच ते उचललं, कीबोर्डवर ठेवलं आणि वर दोन्ही कोपरं टेकली. मशीन पीं पीं पीं करत राहिली. पाच मिनिटं, दहा मिनिटं. बाकीच्या टर्मिनलांवर कामं बिनघोर चालू.

"बस झालं, कान किटले," मॅनेजर म्हणाले. "जा सांडू, कामाला लाग."

सांडू हलला नाही. "साहेब, सोमवारी मोर्चा हाय. सुट्टीचा अर्ज आत्ताच देऊ का?"

मॅनेजरांनी त्रिंबककडं बघितलं, नानासाहेबांकडं बघितलं, आणि खिशातून पेन काढलं.